ओपन सोर्स डेटाबेसचं कमर्शियल लायसन्स नेमकं कधी घ्यावं लागतं?

"आम्ही सॉफ्टवेअर विकतो, त्यात मायएसक्यूएल हा ओपन सोर्स डेटाबेस आहे, मग त्याचं कमर्शियल लायसन्स घ्यायला हवं का?" सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये हा प्रश्न निघाला की उत्तरं दोन टोकांची येतात. एकजण म्हणतो, ओपन सोर्स आहे, बिनधास्त वापरा. दुसरा म्हणतो, धंद्यासाठी वापरताय ना, मग पैसे मोजावेच लागणार. दोघांचंही चुकतं, कारण दोघंही भलतीच गोष्ट बघतात. तुम्ही नफा कमावता की नाही, हे ओपन सोर्स लायसन्स विचारतच नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था १९९८ साली सुरू झाली. ओपन सोर्सच्या तिच्या व्याख्येत एक कलमच आहे की सॉफ्टवेअर कुठल्या कामासाठी वापरायचं यावर लायसन्सनं बंधन घालू नये, आणि उदाहरण म्हणून तिथं व्यवसायाचाच उल्लेख केलेला आहे.

बघायचं ते हे की डेटाबेसची प्रत तुमच्या ताब्यातून दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाते का, आणि जाते तेव्हा ती तुमच्या स्वतःच्या बंद कोडमध्ये किती गुंतलेली असते. बहुतेक प्रकरणांचा निकाल या दोन गोष्टींवरच लागतो. उरलेल्यांचा लायसन्सच्या नावावरून लागतो.

आधी पाया पक्का करू. कोड लिहिणाऱ्याकडे त्याचा कॉपीराइट असतो, आणि लायसन्स म्हणजे त्यानं घातलेल्या अटींसह दिलेली परवानगी. काही लायसन्सच्या अटी अगदी हलक्या असतात. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचं लायसन्स जेमतेम काही ओळींचं आहे आणि ते एवढंच मागतं की कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर प्रतीसोबत राहू द्या. बदल करा, स्वतःच्या बंद उत्पादनात घाला, विका, सगळं चालतं. दुसऱ्या बाजूला मायएसक्यूएलचं जीपीएल हे लायसन्स आहे. त्यातही विकायला पूर्ण मोकळीक आहे, पण प्रत दुसऱ्याला देताना त्याला सोर्स कोडही द्यावा लागतो, आणि त्या कोडवर आधारून जे काही तयार केलं तेही जीपीएलखालीच द्यावं लागतं. या अटीला कॉपीलेफ्ट म्हणतात.

कमर्शियल लायसन्सचा सगळा व्यवहार या कॉपीलेफ्टभोवती फिरतो. मायएसक्यूएलचा मालक तुम्हाला सांगतो की हाच कोड जीपीएलच्या अटींवर फुकट घ्या, किंवा त्या अटी नको असतील तर पैसे देऊन वेगळ्या अटींवर घ्या. म्हणजे पैसे डेटाबेसचे नसतात, अटीतून सुटण्याचे असतात. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात. ज्या अटीतून सुटायचंय ती तुम्हाला लागूच होत नसेल, तर विकत कशाला घ्यायचं? पोस्टग्रेसक्यूएलचं असलं सूट देणारं लायसन्स कुणी विकत नाही, कारण सुटण्यासारखी अटच तिथं नाही. त्याच्या नावावर पैसे घेणाऱ्या कंपन्या सपोर्ट विकतात किंवा स्वतः लिहिलेल्या जोडण्या विकतात.

आणि अशी सूट विकू शकतो तो फक्त कॉपीराइटचा मालक. मायएसक्यूएल एबी ही स्वीडनची कंपनी १९९५ साली सुरू झाली. कोडचे हक्क तिनं स्वतःकडे नीट गोळा करून ठेवले, म्हणूनच तिला दुहेरी लायसन्सचा धंदा करता आला. २००८ साली सन मायक्रोसिस्टम्सनं ती सुमारे १०० कोटी डॉलरना घेतली, जानेवारी २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली, आणि तेव्हापासून ती सूट विकायचा हक्क ओरॅकलकडे आहे. मूळ निर्मात्यांपैकी मायकल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच कोडवरून मारियाडीबी हा फाटा, म्हणजे वेगळा वाढवलेला डेटाबेस, काढला. अनेकांची समजूत असते की ओरॅकलचा जाच नको असेल तर मारियाडीबी घ्यावं आणि हव्या त्या अटींवर घ्यावं. तसं होत नाही. मारियाडीबीचा सर्व्हर जीपीएलखाली मिळालेल्या मायएसक्यूएलच्या कोडवर उभा आहे, त्या जुन्या कोडचे हक्क ओरॅकलचे आहेत, त्यामुळे जीपीएलशिवायचं बंद लायसन्स मारियाडीबीलाही देता येत नाही.

आता जीपीएलकडे नीट बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. मायएसक्यूएलला लागू असलेली जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ ची. तिच्या अगदी सुरुवातीच्या कलमातच म्हटलंय की प्रोग्रॅम नुसता चालवण्यावर कसलंही बंधन नाही. तुमच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल टाका, त्यावर दुकान चालवा, बँक चालवा, लाखो ग्राहकांना वेबसाइटवरून सेवा द्या, हवे ते बदल सर्व्हरच्या कोडमध्ये करा. जोवर प्रत बाहेर जात नाही तोवर जीपीएल तुमच्याकडे काहीही मागत नाही. ब्राउझरमधून सेवा वापरणाऱ्या ग्राहकाला डेटाबेसची प्रत मिळत नसते, त्याला फक्त उत्तरं मिळतात. वेबवरून सेवा देणाऱ्या बहुसंख्य कंपन्यांना म्हणूनच मायएसक्यूएलच्या कम्युनिटी, म्हणजे जीपीएलखालच्या फुकट, आवृत्तीसाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. कुणी विक्रेत्यानं धाक घातला तर हे कलम त्याच्यासमोर ठेवावं.

प्रत बाहेर गेली की चित्र बदलतं. समजा, एका छोट्या कंपनीनं दवाखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलंय. ते एका इन्स्टॉलरमधून दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर बसतं. तो इन्स्टॉलर उघडून बघितला तर आत तीन गोष्टी दिसतात. कंपनीचा स्वतःचा जावा प्रोग्रॅम, ज्याचा सोर्स ती कुणाला देत नाही. मायएसक्यूएलचा अख्खा सर्व्हर, कारण दवाखान्यात डेटाबेस बसवायला वेगळा माणूस पाठवायला नको. आणि कनेक्टर-जे नावाची एक जार फाइल, म्हणजे जावा प्रोग्रॅमला मायएसक्यूएलशी बोलायला लागणारा ड्रायव्हर. दर नव्या दवाखान्यात या तिन्हींची प्रत जाते. कॉपीराइटच्या भाषेत हे वितरण झालं.

यात सर्व्हरचा भाग त्या मानानं सोपा आहे. तो वेगळा प्रोग्रॅम म्हणून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि सॉकेटवरून, म्हणजे नुसते संदेश पाठवून, बोलतो. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं आहे की पाइप आणि सॉकेटवरून बोलणारे प्रोग्रॅम सहसा वेगवेगळेच मानावेत. एकाच इन्स्टॉलरमध्ये दोन स्वतंत्र प्रोग्रॅम शेजारी शेजारी ठेवल्यानं दुसऱ्यावर जीपीएल चढत नाही, हे लायसन्समध्येही लिहिलंय. तरी मायएसक्यूएलपुरती जबाबदारी उरतेच. जीपीएलचा मजकूर सोबत द्यायचा आणि त्या आवृत्तीचा सोर्सही द्यायचा, किंवा मागेल त्याला निदान तीन वर्षं सोर्स देऊ असं लेखी द्यायचं. हे काम फुकटात होणारं आहे आणि तरीही बहुतेक जण ते करत नाहीत. इन्स्टॉलर बनवताना लायसन्सच्या फाइल्स "फालतू" म्हणून काढून टाकल्या जातात, आणि नियमभंग तिथूनच सुरू होतो.

अवघड जागा म्हणजे ती जार फाइल. ड्रायव्हर वेगळा चालत नाही, तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटात, त्याच्याच मेमरीत चालतो. कनेक्टर-जे जीपीएलखाली आहे. त्याच्याशी जोडलेला बंद प्रोग्रॅम वाटला तर तो प्रोग्रॅमही जीपीएलवर आधारलेलं काम ठरतो, असा हक्कदाराचा दावा असतो, आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही लिंकिंगबद्दल, म्हणजे कोड असा एकमेकांत जोडण्याबद्दल, हेच सांगतं. मायएसक्यूएलच्या दुहेरी लायसन्सचा खरा दात हा सर्व्हरमध्ये नव्हता, तो ड्रायव्हरसारख्या, प्रोग्रॅमच्या आत जोडायच्या या छोट्याशा लायब्ररीत होता. जुन्या ३.२३ आवृत्तीपर्यंत क्लायंट लायब्ररी एलजीपीएल या मवाळ, जोडलेला प्रोग्रॅम बंद ठेवू देणाऱ्या लायसन्सखाली होती. ४.० पासून ती जीपीएलखाली आणली गेली आणि मोठी खळबळ उडाली. पीएचपी या वेबसाठीच्या भाषेचं लायसन्स जीपीएलशी जुळत नव्हतं, त्यामुळे पीएचपी ५ मधून ही लायब्ररी सोबत देणं बंद झालं. मग २००४ मध्ये कंपनीनं ओपन सोर्स प्रकल्पांसाठी खास अपवाद काढला. तो अपवाद आजही वेगळ्या नावानं चालू आहे, पण त्याचा फायदा ओपन सोर्स प्रोग्रॅमनाच मिळतो. आपल्या बिलिंगवाल्या कंपनीला नाही.

तिच्यापुढे तीन वाटा आहेत. आपलं सॉफ्टवेअर जीपीएलखाली खुलं करायचं, ओरॅकलकडून वितरणाचं लायसन्स घ्यायचं, किंवा ड्रायव्हर बदलायचा. तिसरी वाट लोकांना माहीतच नसते, आणि माझ्या मते आधी तीच तपासावी. मारियाडीबीचे जावा आणि सी साठीचे कनेक्टर एलजीपीएलखाली आहेत. पायथनसाठी पायमायएसक्यूएल एमआयटी या हलक्या लायसन्सखाली मिळतं, डॉट नेटसाठीचा मायएसक्यूएलकनेक्टर हा स्वतंत्र प्रकल्पही एमआयटीखाली आहे, गो भाषेचा लोकप्रिय ड्रायव्हर मोझिला लायसन्सखाली. पीएचपीवाल्यांनी तर स्वतःचा मायएसक्यूएलएनडी ड्रायव्हर लिहून २००९ मध्ये ५.३ आवृत्तीत घातला आणि कटकटच मिटवली. ड्रायव्हर बदलल्यावर सगळ्या चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात, कारण बारीकसारीक वागणं वेगळं असतं. पण त्या मेहनतीची तुलना दर प्रतीमागे द्याव्या लागणाऱ्या पैशांशी करून बघावी.

याचा अर्थ ड्रायव्हर बदलला की कुणी बोट ठेवणार नाही, असा मात्र नाही. लायसन्स विकणाऱ्याला त्याचा अर्थ जितका रुंद लावता येईल तितका हवा असतो. बंद उत्पादनासोबत सर्व्हर दिला की कमर्शियल लायसन्स घ्याच, असं विक्री विभाग सुचवतो. तुमचा प्रोग्रॅम मायएसक्यूएलशिवाय चालतच नसेल, तर "दोन स्वतंत्र प्रोग्रॅम" हा युक्तिवाद कोर्टात किती टिकेल यावर वकिलांमध्येही मतभेद आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टात मायएसक्यूएल एबी आणि प्रोग्रेस सॉफ्टवेअर यांच्यात हा वाद आलाही होता, जेमिनी नावाच्या स्टोरेज इंजिनवरून, म्हणजे मायएसक्यूएलला जोडलेल्या डेटा साठवणाऱ्या भागावरून. कोर्टानं ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर तात्पुरती मनाई दिली, पण जीपीएलचा प्रश्न त्या टप्प्यावर निकाली काढला नाही, आणि पुढे दोघांनी तडजोड केली. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात पीडीएफ हाताळणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरची मालक आर्टिफेक्स आणि हॅनकॉम यांच्या खटल्यात मात्र कोर्टानं जीपीएल तोडल्याबद्दलचा करारभंगाचा दावा पुढे चालू दिला. घोस्टस्क्रिप्ट डेटाबेस नाही, पण तेही असंच दुहेरी लायसन्सवर विकलं जातं, म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची. उत्पादन शेकडो ठिकाणी जाणार असेल तर या सीमेवरच्या प्रश्नासाठी सॉफ्टवेअर लायसन्स जाणणाऱ्या वकिलाची फी देणं मला योग्य वाटतं.

एक प्रसंग वारंवार घडतो आणि तो हमखास नजरेतून सुटतो. हीच बिलिंग कंपनी पुढे सगळं वेबवर नेते. आता दवाखान्यात काहीच बसवलं जात नाही, वितरण थांबलं, जीपीएलची चिंता संपली. टीम बदलते, नवे लोक वाट्टेल ते ड्रायव्हर आणि लायब्ररी घालतात, आणि ते बरोबरही असतं. मग एक मोठं हॉस्पिटल म्हणतं, आमचा डेटा बाहेर जाता कामा नये, तुमचं सॉफ्टवेअर आमच्याच सर्व्हरवर बसवून द्या. विक्री विभाग खूश होऊन सही करतो. डेव्हलपर सगळ्याची डॉकर इमेज, म्हणजे डेटाबेस आणि ड्रायव्हरसकट सगळं सॉफ्टवेअर असलेलं एक गाठोडं, बांधून पाठवून देतो. त्या क्षणी वितरण झालं आणि सगळ्या अटी जाग्या झाल्या, पण कंपनीत कुणाच्या हे लक्षातच येत नाही, कारण कोडची एक ओळही बदललेली नसते. कंटेनर, व्हर्च्युअल मशीन, डेटाबेससकट विकलेलं उपकरण, सगळ्यांना हाच नियम लागतो.

जीपीएलमधली ही सेवेची फट बुजवण्यासाठी नोव्हेंबर २००७ मध्ये एजीपीएल आलं. त्यात नवी अट अशी की तुम्ही प्रोग्रॅममध्ये बदल केलात आणि लोक तो नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्यांनाही सोर्स मिळाला पाहिजे. बदल न करता तसाच वापरला तर ही अट लागत नाही. खरा प्रश्न येतो तो तुमच्या प्रोग्रॅमच्या आतच राहणाऱ्या डेटाबेसचा. बर्कली डीबी हा असा डेटाबेस, वेगळा सर्व्हर नाही, लायब्ररीच. ओरॅकलनं २०१३ मध्ये त्याची ६.० आवृत्ती एजीपीएलखाली आणली. आधीच्या लायसन्समध्ये स्वतःच्या वेब सर्व्हरवर वापरणाऱ्याला काही करावं लागत नव्हतं. नव्या लायसन्सखाली, डेटाबेस आपल्याच प्रोग्रॅममध्ये गुंफलेला असल्यानं, वेबसेवेचाही सोर्स द्यावा लागेल का, हा प्रश्न उभा राहिला. त्यामुळे अनेकजण जुन्या आवृत्तीवरच थांबले.

याच्या पुढची पायरी मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीनं गाठली. १६ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांनी एजीपीएल सोडून स्वतः लिहिलेलं एसएसपीएल लावलं. रोख होता मोठ्या क्लाउड कंपन्यांवर. मोंगोडीबी हीच सेवा म्हणून विकायची असेल, तर त्याभोवतीचं व्यवस्थापन, मॉनिटरिंग, बॅकअप, होस्टिंगचं सगळं सॉफ्टवेअर खुलं करा, अशी अट. प्रत्यक्षात ती कुणी पाळू शकत नाही, त्यामुळे अशी सेवा द्यायची तर कमर्शियल करार करणं एवढाच मार्ग राहतो. पण तुमच्या ॲपच्या मागे मोंगोडीबी नुसतं डेटा साठवत असेल, तर तुम्हाला हे कलम लागत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हनं एसएसपीएलला मान्यता दिली नाही आणि कंपनीनं २०१९ मध्ये अर्ज मागे घेतला.

अशा लायसन्सना सोर्स उपलब्ध म्हणता येईल, ओपन सोर्स नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला नियम इथं लागू होत नाही. इथं मालक कुठलीही अट घालू शकतो, तुमच्या कमाईचीसुद्धा. कॉक्रोचडीबी या डेटाबेसनं २०१९ मध्ये बिझनेस सोर्स लायसन्स घेतलं. त्यात काही वापर बंद असतो आणि जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती ओपन सोर्स होते. नोव्हेंबर २०२४ पासून त्यांनी तेही बदललं. वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरपेक्षा कमी असेल तर फुकट, त्यावर असेल तर पैसे. धंदा मोठा झाला म्हणून बिल येणार, असा प्रकार इथं खरोखर आहे.

रेडिस या डेटाबेसचं उदाहरण आणखी वेगळं. मार्च २०२४ मध्ये रेडिसनं ७.४ आवृत्तीपासून बीएसडी हे हलकं ओपन सोर्स लायसन्स सोडलं, लगेच लिनक्स फाउंडेशनखाली व्हाल्की हा फाटा निघाला, आणि मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय मिळाला. म्हणजे "रेडिस कुठल्या लायसन्सखाली आहे?" या प्रश्नाला एक उत्तर नाही, आवृत्ती विचारावी लागते. बीएसडीखाली निघालेल्या जुन्या आवृत्तीवरचा तुमचा हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीला किती दिवस मिळतील, याची खात्री लायसन्स देत नाही. म्हणून आवृत्ती बदलणारी ओळ मंजूर करण्याआधी लायसन्सची फाइल उघडून बघणं हे मी तरी कामाचाच भाग समजतो.

वितरण नाही, सेवा विकणं नाही, तरीही पैसे लागतात अशी एक सरळ जागा आहे, ती म्हणजे एंटरप्राइझ आवृत्ती. थ्रेड पूल, ऑडिट, चालू डेटाबेसचा बॅकअप अशा गोष्टी ओरॅकल मायएसक्यूएलच्या विकतच्या आवृत्तीत देतं. ती जीपीएलखाली नसतेच. तुमच्याकडे काय चाललंय ते ओळखणं अवघड नाही. कमांड लाइनवरून मायएसक्यूएलमध्ये शिरलं की स्वागताच्या मजकुरात सर्व्हरची आवृत्ती येते आणि तिच्यापुढे "मायएसक्यूएल कम्युनिटी सर्व्हर - जीपीएल" असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी "एंटरप्राइझ" आणि "कमर्शियल" हे शब्द दिसले तर करार कुठं आहे ते शोधायला घ्या. निओफोरजे या डेटाबेसच्या एंटरप्राइझ कंटेनरमध्ये लायसन्स मान्य असल्याचं एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एका सेटिंगमध्ये, "येस" लिहून सांगावं लागतं. नाहीतर तो सुरूच होत नाही. कुठल्यातरी लेखातून उचललेल्या सेटिंगमध्ये ते "येस" आधीच लिहिलेलं असतं, आणि कंपनीच्या वतीनं करार मान्य झाला हे ते चिकटवणाऱ्याच्या गावीही नसतं.

एसक्यूलाइट हा डेटाबेस या सगळ्यापासून मोकळा आहे. त्याचा कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे अटी घालायला लायसन्सच नाही. तरी काही कंपन्यांच्या कायदा विभागाला कागद लागतोच, म्हणून त्याचे निर्माते हक्काची हमी देणारं लायसन्स विकतात. ते गरजेचं नाही, हे तेच सांगतात.

लायसन्स घ्यायचंच ठरलं तर सहीआधी एक गोष्ट लेखी विचारा, की हे तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर वापरण्याचं सबस्क्रिप्शन आहे की उत्पादनात घालून पुढे देण्याचा हक्क. दोन्ही वेगळे विकले जातात. पहिलं घेऊन दुसरं केलं तर पैसे भरूनही उल्लंघन होतं. सबस्क्रिप्शन संपल्यावर ग्राहकांकडे आधीच बसवलेल्या प्रतींचं काय होणार, तेही त्याच पत्रात विचारून घ्या. आणि जीपीएलखाली राहायचं असेल तर एवढं लक्षात असू द्या की दुसऱ्या आवृत्तीत अट मोडल्याबरोबर तुमचा हक्क आपोआप संपतो. पहिल्याच चुकीला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली तर हक्क परत मिळण्याची सोय २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली, आणि मायएसक्यूएल अजून दुसऱ्याच आवृत्तीवर आहे.